नीड फॉर स्पीड हीट : रात्री पोलीस सुटू देत नाहीत, सोडावा की शिकावा?

होटगीरोडकर :

नमस्कार मंडळी. मी टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. घरी येऊन जेवण उरकेपर्यंत साडेनऊ वाजतात, त्यानंतरचा तास-दीड तास माझा. बोनसचे पैसे हातात आले तेव्हा जुना पीसी घेतला. जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे, १६ जीबी रॅम आहे. सेलमध्ये नीड फॉर स्पीड या गाड्यांच्या रेसच्या मालिकेतला हीट हा गेम अगदी स्वस्तात दिसला म्हणून लगेच घेऊन टाकला.

कॉलेजात असताना याच मालिकेतला मोस्ट वॉन्टेड खेळलोय, २००५ चा, २०१२ चा नव्हे. त्यातल्या ब्लॅकलिस्टमधले, म्हणजे एकेक करून हरवायच्या रेसरांच्या यादीतले, सनीपासून सुरुवात करून रेझरपर्यंत पंधराच्या पंधरा पाडले. शेवटी गेममधल्या सगळ्या रॉकपोर्ट शहराचे पोलीस मागे लागतात आणि आपल्या मदतीला असलेली मिया फोन करून तुटक्या पुलाकडं जायला सांगते. ती उडी मारली तेव्हा रूमवरच्या पोरांनी पत्र्याचं कपाट वाजवून वाजवून घरमालकाला वर बोलावलं होतं. म्हणजे पोलिसांना चकवणं मला अगदीच नवीन नाही.

हीटमध्ये दिवसा सगळं ठीक चालतं. रीतसर रेस, बंद केलेले रस्ते, जिंकलं की बँकेत पैसे. रात्र झाली की दोन गोष्टी डोक्यात जातात. पहिली वळणाची. सुरुवातीला मी १९६५ ची मस्टँग निवडली. वळण आलं की ॲक्सिलरेटर सोडतो, गाडी जरा सावरली की परत दाबतो, सरळ रीत आहे. पण दाबलं रे दाबलं की मागची चाकं सुटतात आणि गाडी आडवी होऊन घसरत जाते. ड्रिफ्ट मला नको असतो तेव्हासुद्धा.

दुसरी पोलिसांची. हीट लेव्हल, म्हणजे पोलीस किती चिडलेत ते दाखवणारा आकडा, ३ च्या वर गेला की मागून येऊन ठोकायला लागतात, गाडीच्या जिवाची पट्टी उतरत जाते आणि शेवटी गाडीच निकामी. पकडलं की रात्रभर चढवलेला गुणक (रेप, म्हणजे रेप्युटेशनचे गुण, जितक्या पटीनं वाढतात तो आकडा) उडतो, वर बँकेतले पैसे कापले जातात. नव्या गाड्या आणि पार्ट रेपवर खुलतात आणि रेप रात्रीच मिळतो, त्यामुळं रात्र टाळूनही भागत नाही. कितीही जोरात पळालो तरी पोलिसाची गाडी मागं तेवढ्याच अंतरावर.

हात बसायला वेळ लागतो का, की गेमच असा आहे? मालिकेतला नंतरचा अनबाउंड यापेक्षा बरा असेल तर सरळ तोच घेतो. कीबोर्डवर खेळतो, गेमपॅड नाही.


विजापूरवेस_टर्बो :

भाऊ, गेमच असा आहे. मी हीट पूर्ण केलाय, कथा संपवली, नंतर बरेच दिवस नुसता गाड्या सजवत बसलो. सजावटीला तोड नाही. बंपर, बॉनेट, चाकांचा कोन, एक्झॉस्टचा आवाजसुद्धा आपल्याला हवा तसा बसवता येतो. पण पाठलाग एकतर्फी आहे. तुम्ही सुपरकार घ्या नाहीतर जुनी हॅचबॅक घ्या, पोलीस आपला वेग तुमच्या वेगाला जुळवून घेतात. यालाच रबरबँड म्हणतात. मोस्ट वॉन्टेडमध्येही रेसमधले प्रतिस्पर्धी असेच चिकटायचे, पण पोलिसांना तिथं निदान शहराचा अडथळा व्हायचा.

माझं मत अनबाउंडला. २०२२ चा आहे, क्रायटेरियनने केलाय, म्हणजे बर्नआउट ही रेसिंग मालिका बनवणारी मंडळी. लेकशोर नावाचं शहर, शिकागोच्या धाटणीचं. तिथं दिवसा चढलेली हीट रात्रीही तुमच्याबरोबर येते. रेसला उतरायचं तर खिशातले पैसे लावावे लागतात, आणि रेस पुन्हा सुरू करायची संधी मोजकीच मिळते. शेवटून दुसरा आलात तर ते पचवून पुढं जावं लागतं. ही गोष्ट मला फार आवडली, कारण प्रत्येक रेसला छातीत धडधड होते. माणसं कार्टूनसारखी आणि गाड्या खऱ्यासारख्या, टायरमधून रंगीत धूर, पंख, असलं बरंच काही आहे. काहींना ते पाहवत नाही. मला चार-पाच दिवसांत सवय झाली.

तुमच्या कार्डावर चालेल, पण सेटिंग खाली ठेवावी लागेल.


अशोकचौक_जुना_कॅफे :

होटगीरोडकर मालक, हीट सोडू नका. तुमची अर्धी तक्रार एका सेटिंगनं सुटणारी आहे आणि उरलेली अर्धी नकाशानं.

आधी सेटिंग. हीटमध्ये ड्रिफ्ट मुळात ॲक्सिलरेटरवर ठेवलेला असतो. वळणात बटण सोडून परत दाबलं की गेम समजतो, याला गाडी घसरवायची आहे. तुम्ही जुन्या सवयीनं नेमकं तेच करताय. गाडी चालवता चालवता लाइव्ह ट्यूनिंगचा छोटा फलक उघडता येतो, त्यात ड्रिफ्ट स्टाइल असं लिहिलेलं दिसेल. ते गॅसवरून, म्हणजे ॲक्सिलरेटरवरून, ब्रेकवर आणा. आता ब्रेकला टिचकी मारल्याशिवाय गाडी घसरणार नाही. त्याच फलकात स्टिअरिंगची संवेदनशीलताही आहे, ती कीबोर्डवाल्यांनी खाली आणायची. कीबोर्डला अर्धं वळण ठाऊक नसतं, बाण दाबला की पूर्ण वळतं. डाउनफोर्स, म्हणजे गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर, वर न्या म्हणजे वेगात गाडी रस्ता धरून राहील. हे सगळं गॅरेजमध्ये न जाता होतं, पैसे लागत नाहीत. गेमनं हे पहिल्याच रात्री समजावून सांगायला हवं होतं, त्याबद्दल माझा बनवणाऱ्यांवर राग आहे. चांगली चांगली पोरं या एका कारणानं गेम टाकून गेली.

आता पोलीस. विजापूरवेस यांचं रबरबँडबद्दलचं म्हणणं खरं आहे. पण त्यावरून पाठलाग एकतर्फी ठरत नाही.

मोस्ट वॉन्टेड आला त्या काळात सोलापुरात अशोक चौकाजवळ माझा सायबर कॅफे होता. इंटरनेटला गिऱ्हाईक कमी आणि गेमला जास्त. एकदा सेव्ह फाइल बनली की सगळी पोरं तीच पुढं न्यायची, त्यामुळं एकानं जिंकलेली गाडी दुसरा चालवायचा आणि भांडण सोडवायला मी. पाच-सहा वर्षं रोज इतक्या जणांना एकच गेम खेळताना बघितलं की कोण का जिंकतो ते दिसायला लागतं.

एक पोरगा यायचा, पूर्व भागातला, यंत्रमागावर रात्रपाळी करणारा. पाळी सुटली की अंगावर सुताचे तंतू तसेच घेऊन सकाळी शटर उघडायच्या वेळी दारात उभा. घरी तेलुगू बोलायचा, मराठी चांगलं, इंग्रजी बेताचं. बाकीची पोरं पाठलाग सुरू झाला की पुढच्या रस्त्याकडं बघून नायट्रो दाबत सुटायची. याची नजर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर असायची, रस्त्याकडं मधूनच बघायचा. डाव्या कानावरचा हेडफोन काढून ठेवायचा, उजव्या कानानं पोलिसांचं वायरलेस ऐकायचा. त्यात रोडब्लॉक हा शब्द आला की सरळ जात असला तरी पहिल्या गल्लीत वळायचा. स्पाइक स्ट्रिप, म्हणजे टायर फोडणारी खिळ्यांची पट्टी, ऐकलं की वेग कमी करून कडेला. वाक्य सगळं कळायची गरजच नव्हती, हे दोन शब्द पुरायचे.

नकाशावर लाल त्रिकोण दिसायचे ते तुम्हाला आठवत असतील, पर्सूट ब्रेकर. पेट्रोल पंपाचं छत, डोनटच्या दुकानावरचा तो मोठा डोनट, पाण्याची टाकी. गाडीनं खांब उडवला की सगळं मागच्या पोलिसांच्या डोक्यावर. बाकीची पोरं दोन पोलीस मागं लागले की लगेच पंप पाडायची. हा थांबायचा. गाड्या वाढू द्यायचा, राइनो, म्हणजे पोलिसांची जड गाडी, येऊ द्यायचा, पाचसहा जण एका रांगेत मागं आले की मग पाडायचा. एकदा पाडलेली जागा त्या पाठलागात परत कामाला येत नाही, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. मग कूलडाउनची, म्हणजे पोलिसांच्या नजरेआड गेल्यावर भरत जाणारी, पट्टी सुरू झाली की नकाशावर लपायच्या जागा उमटतात, त्यातली सगळ्यात जवळची सोडून दुसरी गाठायचा, कारण जवळच्या जागेकडं जाताना हमखास एखादा पोलीस समोरून यायचा. त्याच्यापेक्षा बोटं जोरात चालणारी पोरं माझ्याकडं होती. ब्लॅकलिस्टमध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या बुलपर्यंत सगळ्यात आधी पोचला तो मात्र हाच.

हे एवढं सांगितलं कारण हीटचे पोलीसही वेगानं हरत नाहीत. हरतात ते उडीनं, पाण्यानं आणि अरुंद जागेनं. हीटमधल्या पाम सिटी शहरात पोर्ट मर्फीकडं, बंदराच्या बाजूला, रॅम्प आहेत. पाठलाग लागल्यावर रॅम्प शोधायचा नसतो. दिवसा, पोलीस निवांत असतात तेव्हा, दोन-तीन उड्या पाठ करून ठेवायच्या. रॅम्पवरून गेलात की मागचे पोलीस एकतर वळसा घालतात नाहीतर उलटे पडतात. तेवढ्यात तुम्ही नजरेआड.

पेट्रोल पंपाचं उलटं आहे. मोस्ट वॉन्टेडमध्ये पाडायचा, इथं आतून न थांबता गाडी घालायची की गाडी दुरुस्त होते. पण एका रात्रीत तीनदाच. पट्टी थोडी उतरली की पंपात शिरायचं ही घाई करू नका, अगदी तळाला आल्यावर जा. सहायक पार्टमध्ये रिपेअर किट मिळालं की आधी ते बसवा. नायट्रो दाबून सुटता येतं असं वाटतं तेवढं सुटता येत नाही.

आणि रात्र किती लांबवायची हे तुमच्या हातात आहे. हीट ३ झाली की तुमच्या रेपला तिप्पट गुणक. तो घेऊन सरळ गॅरेजला या, रात्र संपवा, रेप पदरात पाडा. हाय हीट रेससाठी ३ किंवा त्याच्या वर राहावं लागतं, भारी पार्ट तिथंच मिळतात, पण त्या रेससाठी वेगळी रात्र ठेवा आणि त्या रात्री दुसरं काही खेळू नका. रेस संपते तिथून गॅरेज किती लांब आहे ते रेसला उतरण्याआधी बघा. मोस्ट वॉन्टेडमध्ये गाडीवर स्ट्राइक चढायचे, भरले की गाडी जप्त. इथं गाडी जात नाही, रात्र जाते. गमावण्यासारखं काहीतरी हातात असतं म्हणूनच पाठलागाला मजा आहे. नुसतं पळायचंच असेल तर दिवसाच्या रेस आहेतच.

मोस्ट वॉन्टेडचे पोलीस आजही सरस आहेत हे माझं मत. ते आपापसांत बोलायचे, त्यांचा डाव ऐकू यायचा. हीटमध्ये तो धागा बारीक झालाय. पण हीटमधली पावसात भिजलेली रात्र, खालच्या डांबरात पसरलेले निऑनचे रंग, आणि पाठीमागे निळे-लाल दिवे, हे दृश्य त्या काळी आमच्या कॅफेतल्या पोरांना दाखवलं असतं तर त्यांनी दुपारची जेवणं सोडली असती.


जुळेसोलापूर_अक्का :

वरची चर्चा वाचून राहवलं नाही. सगळे पोलिसांबद्दलच बोलताय. मी याच मालिकेतल्या अंडरग्राउंड २ वाली. २००४ चा गेम, बेव्ह्यू शहर, पोलीस एकही नाही, आणि तरीही माझ्या मते या सगळ्या मालिकेत शहरात भटकायची मजा त्यातच सगळ्यात जास्त. दुकानं नकाशावर आयती दिसायची नाहीत, रंगीत उजेड बघत फिरून शोधावी लागायची. पेंटचं दुकान कुठं, ग्राफिक्सचं कुठं, हे आमच्या घरात मला आणि धाकट्या भावाला असं पाठ झालं होतं की नवी पेठेतली दुकानं आम्हाला तेवढी सांगता आली नसती.

आणि ड्रॅग रेस. त्यात स्टिअरिंग जवळजवळ नाहीच, लेन बदलायची आणि गिअर टाकायचा. काटा हिरव्या पट्ट्यात आला की गिअर, लालमध्ये जास्त वेळ राहिला की इंजिन उडालं. भाऊ गिअर टाकायचा आणि मी लेन सांभाळायची, एका कीबोर्डवर दोघं. हीटमध्ये ड्रॅग नाही याचं मला अजून वाईट वाटतं. अनबाउंडमध्येही सुरुवातीला नव्हता.

आता हीट आम्ही दोघं खेळतो. तो नोकरीला पुण्याला, शनिवार-रविवारी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं नाहीतर इंटरसिटीनं येतो. एकाच स्क्रीनवर दोघांनी खेळायची सोय हीटमध्ये नाही, म्हणून आम्ही वाटणी केलीय. दिवस माझा, रात्र त्याची. मी दिवसा पैसे कमावते आणि गाडी बांधते, तो रात्री रेप आणतो. पैसे कापले गेले की मला राग येतो, कारण ते माझे असतात, त्यामुळं तो आता हीट ४ च्या वर जातच नाही. होटगीरोडकर, तुम्हाला सांगायचं ते हे की गाडी कोणासाठी बांधताय ते आधी ठरवा. रात्रीच्या गाडीला मी ड्रिफ्टचे टायर कधीच लावत नाही. हीटमध्ये गाडीचा एक तक्ता असतो, चार टोकं, रस्ता, कच्चा रस्ता, रेस आणि ड्रिफ्ट. टायर, सस्पेन्शन आणि डिफरन्शियल बदललं की ठिपका सरकतो. रात्री पळायला ठिपका रेस आणि कच्चा रस्ता यांच्या मधे ठेवून बघा. डांबर सोडून गवतात उतरलात तरी गाडी हातात राहते, पोलिसांच्या जड गाड्या मागं पडतात. दिवसाच्या रेसला तीच गाडी थोडी मंद वाटेल, म्हणून दुसरी ठेवा.

पॅड मिळालं तर नक्की घ्या. ब्रेक अर्धा दाबता येतो, तेवढ्यानंही फार फरक पडतो.


विजापूरवेस_टर्बो :

अक्का, टायरचा मुद्दा मान्य. मी सगळा गेम एकाच गाडीवर काढला, दिवस-रात्र तीच, पूर्ण रेसकडं झुकवलेली. कच्च्या रस्त्यावर उतरलो की पकडलो जायचोच, म्हणून मी उतरायचंच सोडलं होतं. कॅफेवाले काका, लाल त्रिकोणांसारखं काही हीटमध्ये असतं तर माझं मत बदललं असतं. रॅम्प आहेत, पण रॅम्पवरून पोलीस उलटणं नशिबावर, पंप पाडणं आपल्या हातात. माझं मन अजून अनबाउंडकडंच आहे.


अशोकचौक_जुना_कॅफे :

हा फरक बरोबर पकडलात. पंप पाडताना पोलीस किती जवळ आलेत याचा अंदाज आपल्याला घ्यावा लागायचा, म्हणून यश आपलं वाटायचं. रॅम्पवर निम्मं काम गेम करतो. अनबाउंडचं पैसे लावायचं तत्त्व मलाही पटतं. पण ज्याच्याकडं हीट आधीच आहे आणि रोज तास-दीड तासच आहे, त्यानं आधी हातातला गेम पुरता खेळावा. अनबाउंडमध्ये आठवड्यांचं वेळापत्रक आहे, शनिवारच्या मोठ्या रेसपर्यंत गाडी तयार करावी लागते. दमून आलेल्या माणसाला हीटची एक रात्र म्हणजे एक बैठक, ही रचना जास्त सोयीची.


होटगीरोडकर :

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसलो. ड्रिफ्ट ब्रेकवर आणला, स्टिअरिंग खाली घेतलं, आणि तीच मस्टँग पहिल्या वळणाला सरळ निघाली. इतकी सरळ की आतल्या कठड्याला घासली, कारण मी सवयीनं आधीच उलटं वळवून बसलो होतो. चौथ्या-पाचव्या वळणाला जमलं.

दिवसा पोर्ट मर्फीकडं जाऊन दोन उड्या पाठ केल्या. रात्री दोन रेस, हीट ३, तीन पोलीस मागं. पहिल्या रॅम्पला दोघं गळाले, तिसरा राहिला. त्याला घेऊन गवतातून खाली कालव्यात उतरलो. टायर अजून रस्त्याचेच असल्यानं तिथं गाडी डुलायला लागली, अक्का म्हणतात ते अनुभवलं. पट्टी तळाला असताना पंप लागला, आत घातली, बाहेर पडलो तेव्हा तिसरा मागं नव्हता. गॅरेजला पोचलो आणि गुणक धरून सगळा रेप जमा झाला. घरात सगळे झोपलेले, त्यामुळं ओरडता आलं नाही.

अनबाउंड पुढच्या सेलला बघू. आता टायरकडं वळतो. अक्का, मस्टँगला कच्च्या रस्त्याचे टायर लावावेत की दुसरी गाडी घ्यावी? बँकेत एका गाडीपुरतेच पैसे आहेत.


जुळेसोलापूर_अक्का :

मस्टँग दिवसाला ठेवा, आता वळणं जमायला लागलीत तर तिच्यात पैसे आहेत. रात्रीसाठी चारही चाकांना ताकद जाणारी एखादी स्वस्त गाडी बघा, सुबारू किंवा मित्सुबिशी इव्हो खुली झाली असेल तर तीच. आधी गाडी घ्या, मग सस्पेन्शन, टायर शेवटी. इंजिनला हात लावू नका, रात्री इंजिनापेक्षा पकड लागते. आणि रिपेअर किट खुलं झालंय का ते एकदा तपासा.